सोने रोळण्याची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याचा प्रसंग आजवर आला नाही. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्या. विषय मात्र मी स्वतः मागून घेतलेला आहे, आणि त्याचे नाव ऐकून पुष्कळजणी हसल्या हेही मला ठाऊक आहे.

विषय निघाला तो असा. संक्रांतीनंतरच्या बैठकीत सहलीचा विचार चालला होता. औंढा झाले, माहूर झाले, शेगाव तर दोनदा झाले. आता लेकरांना घेऊन कोठे जावे? तेवढ्यात आपल्यातल्या एका बहिणीने तिच्या मुलीकडून आलेली चित्रफीत मोबाईलवर दाखविली. मुलगी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असते. तेथून जवळ बॅलरॅट नावाचे गाव आहे. त्या गावच्या एका ओढ्यात तिची दोन लेकरे बूड टेकून बसलेली, हातात पसरट ताटल्या, आणि वाळू धुण्याचे काम चाललेले. एकाएकी धाकटी ओरडली, "आजी, सोनं!" तिच्या बोटाच्या टोकावर मोहरीच्या टरफलाएवढे काहीतरी चमकत होते. आपण सगळ्या डोके खुपसून पाहत राहिलो. मग कोणीतरी म्हणाले, "आपल्या इकडं नाही का अशी जागा कुठं? तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलाय माय, नुसतं बघायला मिळालं तरी लई झालं." त्यावर मी शोध करण्याचे कबूल केले.

तेव्हापासून मी आपल्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींना विचारून त्रास दिला, वाचनालयातून पुस्तके आणली, आणि मुलाला मोबाईलवर शोधायला लावले. त्यातून जे हाती लागले ते सांगते.

आधी ही विद्या काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण ती तुम्हा सर्वांना येते. आपण डाळ किंवा तांदूळ रोळतो ना, तीच ही विद्या. भांड्यात पाणी घ्यायचे, दाणे बुडवायचे, भांडे हलके हलके हलवायचे, आणि तिरपे करून पाण्याबरोबर दाणे दुसऱ्या भांड्यात सोडायचे. खडा दाण्यापेक्षा जड, म्हणून तो तळाशी बसतो, आणि शेवटी भांड्यात उरतो तो नुसता कचकच वाजणारा ऐवज. आपण वरचे ठेवतो आणि तळचे टाकतो. सोने धुणारा वरचे टाकतो आणि तळचे ठेवतो. फरक एवढाच.

तळाशी काय बसेल हे वजनावर ठरते. गुरुजींनी मला ते वाटीच्या हिशेबाने समजावले. एका वाटीत मावणाऱ्या पाण्याचे वजन एक छटाक धरा. तीच वाटी गारेच्या दगडाने भरली, तर अडीच छटाकांहून थोडी अधिक भरेल. आपल्या नदीत काळी चमकदार वाळू असते तिच्या दगडाने भरली तर पाच छटाक, पितळेने साडेआठ, आणि शुद्ध सोन्याने एकोणीस. एवढे जड असल्यामुळे सोन्याचा बारीक कणही वाळूच्या आधी तळाला जातो. म्हणूनच हे काम कोणत्याही यंत्राशिवाय नुसत्या ताटलीत होऊ शकते.

रीत अशी. ताटली वाळूने निम्म्याहून थोडी अधिक भरायची आणि पाण्यात बुडवायची. चिखलाचे गोळे हाताने कुस्करायचे, मोठे खडे धुऊन बाहेर टाकायचे. मग ताटली पाण्याखालीच ठेवून दोन्ही बाजूंना थरथर हलवायची, म्हणजे जड ते खाली सरकते. नंतर ताटलीची पुढची कड किंचित खाली करून पाण्याच्या लाटेबरोबर वरची वाळू जाऊ द्यायची. पुन्हा हलवायची, पुन्हा जाऊ द्यायची. असे करता करता शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. त्यात थोडे पाणी घालून गोल फिरवले की काळी वाळू शेपटीसारखी पसरते, आणि त्या शेपटीच्या टोकाला सोने असेल तर पिवळा कण मागे राहिलेला दिसतो. घाई केली तर सोनेही वाळूबरोबर वाहून जाते. पुरुषमाणसांना हे काम लवकर जमत नाही असे माझे मत झाले आहे, कारण आमच्या घरी मी करून पाहायला दिले तेव्हा दोन मिनिटांत परात रिकामी.

माझ्या सासूबाई ज्वारी रोळत तेव्हा शेवटचे पसाभर पाणी त्या इतके हळू सोडीत की एक दाणा खड्यात राहत नसे आणि एक खडा दाण्यात जात नसे. आता मशीनने साफ केलेली डाळ पिशवीतून येते. आमच्या सुनांना रोळणे हा शब्दही सांगावा लागतो. त्यांना दोष देत नाही, वेळ वाचतो हे खरेच आहे. पण निदान एका सहलीपुरती ही कला त्यांच्या हाताला लागावी असे मला वाटते.

आता मूळ प्रश्न. जागा कोठे आहे?

आपल्या दुधनेत सोने नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण ते का नाही हे कळले की पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. आपल्या मराठवाड्याच्या खाली जो काळा पाषाण आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या तप्त रसाचा थिजलेला थर आहे. थरावर थर बसत गेले आणि त्यांनी जवळजवळ सगळा महाराष्ट्र झाकून टाकला. सोने सापडते ते त्याच्याही कितीतरी आधीच्या, अतिशय जुन्या खडकांत, पांढऱ्या गारेच्या शिरांमध्ये. आपल्याकडे तसले खडक असले तरी ते या काळ्या पाषाणाखाली गाडले गेलेले. नदी आपल्या वाटेतला दगड झिजवून त्याचीच वाळू करते. दुधना काळ्या पाषाणावरून वाहते, पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते. गोदावरी त्र्यंबकपासून पैठण, गंगाखेड, नांदेडपर्यंत काळ्या पाषाणावरूनच येते. दगडातच नाही ते वाळूत कोठून येणार?

पण म्हणून परात उपडी करून ठेवू नका. दुधनेची वाळू रोळली की तळाशी काळी वाळू उरते ती उरतेच. तिच्यावर जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. सगळी वाळू टाचण्यांसारखी उभी राहते आणि कागदाला येऊन चिकटते. ते काळ्या पाषाणातले लोखंडाचे खनिज. लेकरांना हे दाखवले तर ती तासभर हलत नाहीत, हे मी नातेवाइकांच्या चार पोरांवर करून पाहिले आहे. शिवाय वाळूत तांबूस, दुधी, धारीधारीचे अकीक सापडतात. पांढऱ्या गारगोट्या सापडतात. ज्यांच्या शेतात विहीर खोदली आहे त्यांना ठाऊक असेल की कधीकधी खडकाच्या पोकळीत साखरेसारखी किंवा सुईसारखी स्फटिके निघतात. आपण ती गाड्याखाली घालतो. नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचे संग्रहालय आहे, तेथे आपल्याच दख्खनच्या पाषाणातून निघालेली अशी स्फटिके काचेत ठेवली आहेत आणि लोक तिकीट काढून पाहतात. मनमाडकडे जाणारी गाडी आपल्या स्टेशनावरून मिळते. पुढच्या एखाद्या वर्षी मुक्कामाची सहल काढायची झाली तर माझे मत सिन्नरला आहे.

आता जेथे खरेच सोने आहे त्या जागा. कोलारचे नाव तुम्ही 'केजीएफ' सिनेमामुळे ऐकले आहे. तेथील खाणी २००१ साली बंद झाल्या. आपल्याला अधिक जवळची म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टी. १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा आणि तो रायचूर जिल्हा हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे आपल्या आजेसासवा ज्या निजामाच्या रयत होत्या त्याचीच ती खाण. ती आजही चालू आहे. पण ती जमिनीच्या पोटात खोल गेलेली कारखानदारीची खाण आहे, परात घेऊन बसण्याची जागा नव्हे. त्याच भागात मस्की नावाचे गाव आहे. तेथे १९१५ साली बीडन नावाच्या एका सोन्याच्या खाणीच्या इंजिनियराला खडकावर कोरलेली अक्षरे दिसली. तो निघाला अशोक राजाचा शिलालेख, आणि त्यात राजाचे 'अशोक' हे नाव स्पष्ट लिहिलेले होते. त्याआधी सापडलेल्या लेखांत नुसती 'देवांचा प्रिय' यासारखी बिरुदे येत, त्यामुळे हा राजा कोणता याचा विद्वानांना पक्का पुरावा हवा होता. सोने शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती तो लागला.

आपल्या महाराष्ट्रातले जुने खडक पूर्व विदर्भात उघडे पडलेले आहेत. त्या मुलखातल्या नद्यांतून वाळू धुऊन सोने काढणारी एक जमातच आहे, सोनझारी किंवा सोनझारा म्हणतात. रसेल साहेब आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातिजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९१६ साली निघाला. त्यात बालाघाट, मंडला, चांदा या जिल्ह्यांतल्या या लोकांची नोंद आहे. झारखंडात रांचीजवळ उगम पावणाऱ्या सुवर्णरेखा नदीच्या काठी आजही कुटुंबेच्या कुटुंबे हे काम करतात. नदीचे नावच पाहा किती सुंदर. काम मात्र असे की सकाळपासून कमरेत वाकून, पाण्यात पाय ठेवून वाळू धुवायची, आणि दिवसाकाठी तांदळाच्या कणीहून बारीक असे एखाददुसरे कण मिळाले तर मिळाले. पुराच्या दिवसांत तेही नाही. आणि त्या कणांचा भाव ठरवणार घेणारा व्यापारी.

मग तेथे सहलीला जावे काय? मला पुष्कळजणींनी हे विचारले. माझे उत्तर नाही असे आहे. ज्या वाळूवर एखाद्या बाईची संध्याकाळची चूल अवलंबून आहे, तेथे आपण डबे घेऊन, फोटो काढत, हौसेने परात बुडवावी हे मला पटत नाही. आपल्या शेतात कोणी वेचणीचा खेळ खेळायला आले तर आपल्याला कसे वाटेल? शिवाय भूमीतले खनिज हे आपल्या कायद्याने परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि हौशी माणसाला तसा परवाना देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

परदेशात ती पद्धत आहे. बॅलरॅटला १८५१ साली सोने सापडले आणि जगभरचे लोक तेथे धावले. आता तेथे त्या जुन्या वस्तीची प्रतिकृती उभी केली आहे, ती १९७० पासून लोकांना खुली आहे. त्या चित्रफितीतला ओढा तिच्यातलाच. आपल्या बहिणीची मुलगी सांगते की आलेल्या पोरांची निराशा होऊ नये म्हणून तेथील व्यवस्थापक अधूनमधून त्या ओढ्यात थोडे सोने स्वतःच टाकतात. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅरोटाउन म्हणून गाव आहे. तेथील नदीवर लोकांसाठी ठरावीक जागा राखून ठेवली आहे, तेथे कोणीही विनापरवाना ताटली व फावडे घेऊन बसावे, यंत्र मात्र लावायचे नाही. व्यवस्था चांगली आहे. कोणाची मुले त्या देशांत असतील त्यांनी नातवंडांना अवश्य न्यावे.

आता थोडी वेगळी गोष्ट सांगते. सोने रोळणारी बाई मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, आणि तीही नदीवर नव्हे, सराफ्यात.

मी दहाएक वर्षांची असेन. माझ्या माहेरी सराफांच्या दुकानांच्या मागे आमचे घर होते. दिवाळी झाली की तेथे एक झारेकऱ्यांचे कुटुंब येई. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, दुकानासमोरच्या गटारातला गाळ विकत घेऊन किंवा झाडून नेऊन, तो धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण काढणारे लोक. सोनार कानशीने घासतो, करवतीने कापतो, तेव्हा भुकटी उडते. ती त्याच्या पाटाखाली, जाजमावर, कपड्यांवर आणि शेवटी केरात जाते. वर्षभराचा तो केर सोनार साठवून ठेवी.

पहाटे रस्त्यावर कोणी नसताना ती बाई आणि तिचा नवरा ब्रशाने फरशांच्या फटी झाडीत. मग आमच्या घरामागच्या हौदाशेजारी ती बसे. तिच्यापुढे एक लाकडी काठवट असे, आपण भाकरी थापायला वापरतो तशीच, पण उथळ आणि वापरून वापरून काळी तुकतुकीत झालेली. तीत ती काळा घाण गाळ घेई. मी विचारले, "हे काय करायलीस मावशी?" ती म्हणाली, "तुझी माय डाळ रोळती का नाही? तेच करायले." मी तिच्यासमोर तासन् तास बसत असे. एकदा तिने काठवट माझ्या हातात दिली. मी जोराने गोल फिरवली, तर तिने माझी मनगटे धरली आणि म्हणाली, "पाण्याला जाऊ दे. तू नको ढकलू." शेवटी उरलेल्या काळ्या रेघेत तिने बोट फिरवून मला एक पिवळा ठिपका दाखवला. तो माझ्या नखातल्या मळाहून लहान होता. त्यावर ती खूश होती.

माझी आई तिला पाणी आणि भाकरी देई, पण परसात, लांबूनच. गाळ उपसणारी म्हणून. त्याच गाळातून निघालेले सोने पुन्हा सराफाकडे जाई, आटवले जाई, आणि कोणाच्या तरी मंगळसूत्रात बसे. आईच्याही बसले असेल. हे माझ्या मनात तेव्हा आले नव्हते, पुष्कळ वर्षांनी आले.

त्यांच्या कामाचा दुसरा भाग मला घरचे पाहू देत नसत, आणि ते बरेच झाले. सोन्याचे अतिबारीक कण रोळून हाती येत नाहीत. म्हणून उरलेल्या काळ्या वाळूत पारा घालून हाताने चोळतात. पारा सोन्याला धरतो. मग तो गोळा फडक्यात पिळून विस्तवावर धरतात. पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोने मागे राहते. ती वाफ म्हणजे विष. हळूहळू हात थरथरू लागतात, हिरड्या सुजतात, स्मरण जाते, आणि पोटातल्या बाळालाही ते बाधते. त्या बाईच्या नवऱ्याला चहाचा कप एका हाताने धरता येत नसे, दोन्ही हातांनी धरी आणि तरी बशीत सांडे. वय फार नसावे. आम्हा पोरींना वाटे, त्याला थंडी वाजते.

हे मुद्दाम सांगते. मोबाईलवर पारा वापरण्याच्या चित्रफिती पुष्कळ आहेत, आणि आपली मुले हुशार आहेत. पारा घरात आणायचा नाही. जुन्या तापमापकातलाही फोडून खेळायचा नाही. आपल्या सहलीत परात, पाणी आणि लोहचुंबक, याउपर काही नाही.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती थोडी कडू आहे. मागच्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका घरात दोन पुरुष आणि एक म्हातारी अशी तिघे आली. म्हणाली, आम्ही मजूर माणसे, नदीकाठी खोदताना सोन्याचे मणी सापडले, सराफाकडे गेलो तर पोलीस धरतील, तुम्ही निम्म्या भावात घ्या. विश्वास बसावा म्हणून दोन मणी दिले. ते तपासले तर खरे निघाले. मग घरातल्या बाईने पोरीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे आणि आपल्या पाटल्या देऊन सगळी माळ घेतली. पुढचे सांगायला नको. पितळ होते. घरातल्यांनी तिला अजून माफ केलेले नाही. ती या मंडळात येत असे, आता येत नाही. मला वाटते आपण तिला पुन्हा बोलावून आणले पाहिजे, फसवणारे तिघे होते आणि ही एकटी होती.

अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्या नद्यांत सोने नाही, हे आताच सांगितले. जमिनीत पुरलेला हंडा निघू शकतो, पण त्याला १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टराला कळवावे लागते. म्हणजे चोरून विकणारा खोटे बोलत असेल तर आपण बुडालो, आणि खरे बोलत असेल तरी आपण गुन्ह्यात सापडलो. दुसरे वजनाचे. तेवढ्याच आकाराचे पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. आपली एखादी बांगडी एका तळहातावर आणि समोरचा माल दुसऱ्यावर, एवढ्याने पुरावा होत नाही हे खरे, परंतु शंका यायला पुरते. आणि शंका आली की उंबऱ्याबाहेरूनच रामराम.

लेकरांना सांगण्यासाठी एक गंमत मध्येच सांगून टाकते. महाभारतात सभापर्वात आहे की युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला उत्तरेकडच्या लोकांनी मुंग्यांनी उकरलेले सोने भेट आणले, त्याला पिपीलिक सोने म्हणत. ग्रीक लोकांनीही हिंदुस्थानातल्या या सोने काढणाऱ्या मुंग्यांची गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि त्यांच्या मुंग्या तर कोल्ह्याहून मोठ्या. परात हलवून हात दुखले की ही गोष्ट उपयोगी पडते.

तर माझी सूचना अशी. येत्या मार्गशीर्षात एका रविवारी दुधनेवर जावे. पावसाळ्यात नको. निम्न दुधना धरणाच्या लगेच खाली नको, कारण पाणी केव्हा सोडतील याचा नेम नसतो. जेथे वाळूचा उपसा झालेला आहे तेथे तर मुळीच नको. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि आत पुरुषभर खड्डा असतो. अशा खड्ड्यांनी आसपासच्या गावांत किती घरे उजाड केली ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. जागा आधी आपल्यातल्या दोघीतिघींनी जाऊन, काठी घालून पाहून यावी. नदीच्या वळणाची आतली बाजू, जेथे पाणी मंद होते आणि वाळू साचते, ती बसायला चांगली आणि रोळायलाही चांगली. मोठ्या दगडाच्या मागे जड वाळू अधिक सापडते, जसा आपल्या घरात दाराच्या मागे केर सापडतो.

सोने नाही तर लेकरांनी शोधायचे काय? त्यावर मी उपाय काढला आहे. सायकलच्या चाकातले जुने छर्रे असतात ना, ते वाळूच्या तिप्पट जड असतात. प्रत्येक परातीत दोन ओंजळी वाळू आणि दहा छर्रे मिसळायचे. ज्याचे दहाच्या दहा छर्रे शेवटी परातीत राहतील त्याला बक्षीस. आठ राहिले तर हात घाईचा आहे असे समजावे. मोठ्या बायकांसाठी मोहरीएवढे बारीक छर्रे वेगळे ठेवू, नाहीतर तुम्ही पाच मिनिटांत जिंकाल. धुतलेली वाळू तेथेच नदीत सोडायची, घरी आणायची नाही. अकीक आणि गारगोट्या ज्याच्या त्याने मुठीत मावतील एवढ्याच आणाव्यात.

परात उथळ आणावी, कडेला धार नसलेली. ज्यांच्या माळ्यावर जुनी काठवट पडलेली असेल त्यांनी ती जरूर आणावी, लाकडावर वाळू घसरत नाही म्हणून ती परातीहून चांगली. डबा ज्याचा त्याने. नावे चिटणीसबाईंकडे एकादशीपर्यंत द्यावीत, मुलांचे वय लिहून. आणि सगळे छर्रे निघताना मोजून परत घेतले जातील, कारण ते सायकलवाल्याकडून उसने आणायचे ठरले आहे.